भागूबाईचा केसपेपर

५ ऑक्टोबर, रविवार

लासुर्ण्याचं शिबिर झालं. नऊ ते दीड, एकशे सतरा केसपेपर. शाळेच्या हॉलमधल्या दोन पंख्यांपैकी एक नुसता आवाज करतो. शिबिर भरवणाऱ्या संभाजीराव गुरुजींनी नेहमीप्रमाणे माइकवर माझी आरती ओवाळण्यात पंधरा मिनिटं घालवली. सरकारी नोकरी सोडल्यापासून अकरा वर्षं, महिन्याच्या पहिल्या रविवारी, एक पैसा न घेता वगैरे. ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण तेवढ्यात सहा पेशंट झाले असते.

सुप्रिया सिस्टर नावं पुकारते, मी तपासते आणि लिहिते, टोकाच्या टेबलावर औषधं मिळतात. एका पेशंटला जेमतेम दोन मिनिटं येतात. तरी मी बीपी स्वतः घेते, मशीनवर कुणाला हात लावू देत नाही. बारामतीतल्या माझ्या छोट्या दवाखान्यातही हाच नियम आहे.

एक केस डोक्यातून जात नाही. भागूबाई, वय बासष्ट. ऑगस्टमध्ये गुडघे दुखतात आणि डोकं जड वाटतं म्हणून आली होती. बीपी १५२/९६ निघालं म्हणून गोळी सुरू केली. सप्टेंबरमध्ये १६०/१००, डोस वाढवला. आज १७२/१०६. पावलांवर थोडी सूजही होती. मी चिडलेच.

"गोळ्या रोज पोटात जातात का?"

"व्हय बाई. सकाळी च्याच्या आधी. एक दिस चुकलेला न्हाय."

पिशवीतून रिकामी पाकिटं काढून दाखवली. अठ्ठावीस दिवस, बरोबर अठ्ठावीस गोळ्या संपलेल्या. म्हटलं, मिठाचं प्रमाण काय? तर म्हणाली, लोणचं बंद केलंय. मग दुसरी गोळी जोडली आणि शहरात जाऊन रक्त-लघवी तपासायला सांगितलं. बाई वयाच्या मानाने काटक आहे. केस काळेभोर. विचारलंसुद्धा, कुठलं तेल लावता हो? पदर तोंडाला लावून हसली. उसाच्या रानात राबणाऱ्या बायांची प्रकृतीच वेगळी, आम्ही शहरातल्या लवकर खचतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

संभाजीरावांचा फोन आला. भागूबाई बुधवारी सकाळी गोठ्यात चक्कर येऊन पडली. खुब्याचं हाड मोडलं. बारामतीच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं. तिथे नेलं तेव्हा बीपी ८४/५० होतं म्हणे. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं बघून विचारलं, "एवढ्या कुणी दिल्या?" मुलाने माझं नाव सांगितलं.

रविवारी १७२ आणि बुधवारी ८४. दोन गोळ्यांनी एवढं उतरत नाही. निदान माझ्या अडतीस वर्षांत कधी उतरलेलं पाहिलं नाही. वाईट वाटलं आणि रागही आला. राग नेमका कुणाचा ते कळेना. भेटायला जावं म्हणून साडी बदलली, तर आमचे हे, विजयसिंह, म्हणाले, "थोडं थांब, वारं कुठलं आहे ते बघ." साखर कारखान्यात ऊस विकास अधिकारी होते, सभासदांची वारी बघण्यात जन्म गेला. थांबले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी वकिलाची नोटीस, दुपारी पोलीस ठाण्यातून फोन. भागूबाईचा मुलगा मल्हार याने अर्ज दिला आहे. आईला बीपीचा त्रास नसताना बीपीच्या गोळ्या दिल्या, डोस वाढवत नेला, त्यामुळे ती पडली आणि कायमची अधू झाली. शेवटी एक वाक्य आहे. 'केसपेपरवरील आकडे न तपासता मनाने लिहिलेले असावेत.'

बाकी सगळं एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला. चूक केली म्हणा. मूर्ख म्हणा. पण मनाने लिहिले?

दिवसभर नुसती बसून होते. स्वयंपाकात भाजी करपली ती विजयसिंहांनी मुकाट खाल्ली.

१९ ऑक्टोबर, रविवार

अविराजकडे गेले. ॲडव्होकेट अविराज. याला पोलिओचा पहिला डोस मी पाजला होता, आता मला समोर बसवून हा कायदा पाजतो. मुलगा हुशार आहे.

मी समजत होते की मोफत सेवेला कायद्याचं कवच असतं. त्याने एकेक पदर सोडवून सांगितलं. सगळ्यांना फुकट तपासलं म्हणजे ग्राहक कायद्यात ओढता येणार नाही, एवढं खरं. पण निष्काळजीपणाच्या गुन्ह्यात फुकट की विकत हे कुणी बघत नाही. रस्त्यावरच्या जखमीला उचलून दवाखान्यात नेणाऱ्या माणसाला संरक्षण आहे, शिबिरात बसणाऱ्या डॉक्टरला तसं काही नाही. माझी विमा पॉलिसी दवाखान्याच्या पत्त्यावर आहे, लासुर्ण्याच्या शाळेचा त्यात उल्लेख नाही. संभाजीरावांच्या मंडळाकडे तर नोंदणीखेरीज काहीच नाही.

"म्हणजे मी बारामतीत माझ्या दवाखान्यात पैसे घेऊन तपासलं असतं तर विम्यात बसले असते?"

"हो मॅडम."

"आणि फुकट तपासलं म्हणून उघड्यावर?"

"कागदावर तसंच दिसतंय."

पोलिसांनी जिल्ह्याच्या डॉक्टरांच्या समितीकडून अभिप्राय मागवला आहे. अठरा नोव्हेंबरला मला पुण्यात बोलावलं आहे. समितीने निष्काळजीपणा म्हटला तर गुन्हा दाखल होईल, मग वैद्यक परिषद, मग माझी नोंदणीच जायची. तोवर भागूबाईच्या घरातल्या कुणाशीही बोलायचं नाही, निरोपही पाठवायचा नाही. त्याला म्हटलं, अरे, ती माझी पेशंट आहे. तो म्हणाला, "मॅडम, आता ती तक्रारदाराची आई आहे."

२२ ऑक्टोबर, पाडवा

ओवाळून झाल्यावर विजयसिंहांना तसंच पाटावर बसवलं आणि बीपी घेतलं. आठ वेळा. दोन्ही हातांवर. माझ्या मशीनने, शेजारच्या नव्या मशीनने आणि जुन्या पाऱ्याच्या यंत्राने. सगळीकडे १२६ च्या आसपास. "आता ओवाळणी मी मागायची का?" म्हणून विचारत होते. मशीन बरोबर आहे.

मग मी बरोबर नाही का? ही गोष्ट इथे लिहिते, दुसऱ्या कुणाशी बोलणार नाही. वयाची चौसष्ट वर्षं झाली. एकशे सतरा माणसं, त्यात नव्वदावा पेशंट असेल. हात आपोआप चालतो. मागच्या पानावर १६० होतं, गोळी घेऊनही वाढलंय असं मनाने धरलं आणि तसं वाचलं, असं झालं असेल? मी आकडा डोळ्यांनी पाहिला की पेनाने? पाहिला. ती मशीनकडे बघत होती आणि मी म्हटलं होतं, बघा, एकशे बहात्तर. हे मला आठवतं. का आता आठवायला लागलंय?

माझा एक अभिमान आहे की मी माणूस विसरत नाही. भागूबाई मला पक्की आठवते. चेहरा, हात, हसणं. तेवढ्याच्या आधारावर उभी आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

डॉक्टरांच्या ग्रुपवर माझं नाव न घेता माझीच चर्चा. 'धर्म करता कर्म उभे राहते' छापाचं शहाणपण आणि हात जोडलेल्या चिन्हांचा पूर. सुपे गावच्या शिबिराला जाणाऱ्या दोघांनी यापुढे येत नाही म्हणून कळवलं. त्यांतला डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, सरकारने आधी संरक्षण द्यावं, मग सेवा मागावी. त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. महिन्यापूर्वी वाटलं असतं.

लासुर्ण्याला तर आधीपासून मी एकटीच. अविराज म्हणतो बंद करा. संभाजीराव म्हणतात, बंद केलं तर लोक म्हणतील बाईंचंच चुकलं. शेवटी तोडगा निघाला. अविराजने एक छापील फॉर्म करून दिला. 'मी स्वखुशीने मोफत तपासणी करून घेत असून औषधाने काही अपाय झाल्यास डॉक्टर व आयोजक जबाबदार राहणार नाहीत.' खाली सही किंवा अंगठा. कोर्टात याला फारशी किंमत नाही हे त्यानेच सांगितलं, पण असलेला बरा. दोनशे प्रती काढल्या. मला जरा हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली.

२ नोव्हेंबर, रविवार

आजचं सगळं नीट, क्रमाने लिहिते.

नऊला दारात टेबल टाकलं. फॉर्म आणि शाईचा पॅड घेऊन सुप्रिया बसली. वाटलं होतं, लोक बिचकतील. कुणी बिचकलं नाही. वाचून दाखवलं तरी "असू द्या की, बाईंवर इस्वास हाय" म्हणत अंगठे देत होते. मी मनात म्हणत होते, यांना कळतंय का आपण काय लिहून देतोय.

साडेदहाला सुप्रिया उठून माझ्याकडे आली. तिच्यामागे एक खुरपणीवाली, हौसाबाई, दोन्ही अंगठे निळे.

"मॅडम, यांनी चार फॉर्मवर चार अंगठे दिलेत."

"चार कशाला?"

हौसाबाईला काहीच गैर वाटत नव्हतं. "चार बायांचं कागद हायती न्हवं? येकाच अंगठ्यानं चार जणींचं कसं चालंल? म्हनून दोन उजवं दिलं, दोन डावं दिलं."

"त्या चार जणी कुठे आहेत?"

"रानात. खुरपायला." मग मला बाळबोध भाषेत समजावून सांगितलं. दहा जणींची टोळी. प्रत्येकीची आपापली पात, म्हणजे खुरपत न्यायची ओळ. सगळ्या दवाखान्यात आल्या तर काम बुडतं आणि मालक दुसरी टोळी बघतो. म्हणून दर महिन्याला एकीने यायचं, तिची पात बाकीच्यांनी उरकून द्यायची. येणारीने सगळ्यांची दुखणी पाठ करून यायचं, आणि रांगेत चारदा उभं राहायचं. "ज्याचा कागद त्याचं दुकनं सांगायचं. म्या काय बी चुकवीत न्हाय बगा."

"आणि मी तपासते कुणाला?"

"जी आली तिला."

"गोळ्या?"

"ज्याच्या त्याच्या घरी."

हॉल भरलेला होता. पेन खाली ठेवलं. किती वर्षं हे चालू आहे विचारलं, तर म्हणाली, पहिल्यापासून. भागूबाईच्या कागदावर कोण आलं होतं, ऑगस्टपासून? हौसाबाईने जराही विचार केला नाही. "तिची सून की, रोहिणी. चाळिशीची आसंल. भागूबाईला कुटं हितवर चालवतंय? गुडघं गेल्यात तिचं."

पुढचे सगळे पेशंट तपासले. प्रत्येकाला नाव विचारलं. एकेचाळीस जण म्हणाले की कागद दुसऱ्याचा आहे. बिनदिक्कत म्हणाले. मी अकरा वर्षांत विचारलं नव्हतं एवढंच.

३ नोव्हेंबर, सोमवार

अविराजला फोनवर सांगितलं. तो पलीकडून टाळी वाजवून ओरडला. "मॅडम, संपली केस! जिला तुम्ही तपासलंच नाही तिच्याबद्दल निष्काळजीपणा कसला? दुसऱ्याच्या नावाने औषध घेणं ही त्या बाईची फसवणूक आहे. समितीपुढे हौसाबाईला आणू. सुनेला बोलावून तिथेच बीपी मोजायला लावू. आकडे जुळले की झालं."

मला आधी आनंदच झाला. तो नोंदवून ठेवते. आकडे खरे होते! १५२, १६०, १७२. माझं डोकं शाबूत आहे, हात शाबूत आहेत. विजयसिंहांना सांगितलं. त्यांनी पेढे आणले.

पेढा तोंडात असतानाच लक्षात आलं. आकडे खरे होते.

म्हणजे चाळिशीची एक बाई तीन महिने वाढत्या बीपीने फिरते आहे. पायांवर सूज आहे, म्हणजे मूत्रपिंडाकडे बघायला हवं. तिने स्वतः एक गोळी घेतलेली नाही. सगळ्या तिने सासूला दिल्या, सकाळी चहाच्या आधी, एक दिवस न चुकता. आणि मी तिच्यावर चिडून डोस वाढवत गेले. एकीचं बीपी पाहून दुसरीला औषध. ते केस, ते हात, ते सगळं मी पाहिलं होतं. तेलाचं नाव विचारलं, वय विचारलं नाही.

अविराजला पुन्हा फोन केला. म्हटलं, रोहिणीला आजच्या आज गोळी सुरू करायला हवी. तो म्हणाला, अजिबात नाही. "त्या घराची पायरी चढलात तर साक्षीदारावर दबाव आणला म्हणतील. शिवाय आज औषध सुरू केलं तर अठराला तिचं बीपी नॉर्मल येईल. मग आपण सिद्ध काय करणार?"

"पंधरा दिवस तशीच ठेवायची?"

"तीन महिने तशीच होती ना, मॅडम."

वाईट मुलगा नाही. तो माझी बाजू बघतोय, त्यासाठीच त्याला नेमलंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

आडमार्गाने प्रयत्न करून बघितला. संभाजीरावांना म्हटलं, तुम्ही तिला दवाखान्यात पाठवा. ते म्हणाले, त्या घरात आता शिबिराचं नाव काढायची सोय नाही. गावातल्या आरोग्यसेविका आशाताईंना विचारलं. त्या जाऊन आल्या. रोहिणी म्हणाली, मला काय बी झालं न्हाय, आन् पुन्हा येऊ नगा. घाबरली आहे. घरात खरं कळलं तर काय होईल याची भीती असणार. मल्हारला वाटतं, आई स्वतःच शिबिराला जाऊन आली होती.

मी आज स्वतःशी बरेच हिशेब केले. अठराला आता तेराच दिवस आहेत. शंभरातल्या बहुतेक जणांना तेरा दिवसांत काही होत नाही. पण उरलेल्यांचं काय होतं तेही मी सरकारी दवाखान्यात पाहिलेलं आहे. वाकडं झालेलं तोंड, लुळा हात, आणि नवऱ्याचं एकच म्हणणं, सकाळपर्यंत चांगली होती हो.

मला भीती वाटते. नोंदणी गेली तर मी कोण, हे मला माहीत नाही. शिबिरात लोकांनी पाया पडावं हेही मला हवं असतं, हेही खरंच आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गेले. विजयसिंहांनी गाडी चालवली. कुठे जायचं विचारलं नाही, भवानीनगर मागे पडल्यावर फक्त म्हणाले, "अविराजला सांगितलंस?" नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि गाडी चालवत राहिले.

वस्ती गावाबाहेर आहे, चारी बाजूंनी ऊस. मल्हार दारात ट्रॅक्टरचं चाक खोलून बसला होता. मला बघून उठला.

"मॅडम, वकिलानं सांगितलंय, तुमच्याशी बोलायचं न्हाय."

"मलाही माझ्या वकिलाने तेच सांगितलंय."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. मी म्हटलं, "केसबद्दल एक शब्द बोलणार नाही. रोहिणीचं बीपी बघायला आले आहे."

"तिचा काय संबंध?"

ओसरीत खाटेवर भागूबाई होती. मी तिला पहिल्यांदा पाहिलं. बारीक, पांढऱ्या केसांची, उशीला टेकून बसलेली. मी हात जोडले. माझ्या सहीच्या गोळ्यांनी ही बाई इथे पडली आहे आणि मी तिला कधी बघितलेलं नव्हतं. मला रडू आलं. तिनेच म्हटलं, "या, बसा बाई."

रोहिणी आतून दारात आली. हीच ती, काळ्याभोर केसांची. मी पिशवीतून मशीन काढलं. ती नवऱ्याकडे बघत उभी राहिली, पुढे येईना.

"बघू दे की तिला," भागूबाई म्हणाली.

"आय, काय चाललंय हे?"

"म्याच धाडली व्हती तिला माझा कागद घिऊन. तीन बारी. तुला सांगू नगं म्हनून म्याच तोंडाला कुलूप लावाया सांगितलं." मग सुनेला, "ये गं. ये पुढं."

रोहिणी खाटेच्या कडेला बसली. पट्टा बांधला. १८६/११४.

मल्हारने वाकून आकडा पाहिला. माणूस चौथी-पाचवी शिकलेला असेल, पण अर्जाच्या निमित्ताने आईचा केसपेपर त्याला पाठ झालेला. तो सावकाश म्हणाला, "एकशे बावन. एकशे साट. एकशे भात्तर." मग रोहिणीकडे वळला. आवाज चढला. "म्हंजी आयला तू पाडलीस? रोज सकाळी हातानं गोळ्या देत व्हतीस..."

"कागद आत्यांचा," रोहिणी एवढंच म्हणाली. "मग गोळ्या बी आत्यांच्याच न्हवं का?" आणि पदराने डोळे पुसत, जमिनीकडे बघत, "डोकं दुकतंय, हे तेवढं माझं मी सांगितलं व्हतं."

तो पुढे सरकला. मी मधे उभी राहिले. माझं वय, माझी उंची, तो केवढा. "तिने नाही," मी म्हटलं. "मी दिल्या. सही माझी आहे. समोर कोण बसलंय ते बघणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. तुझा अर्ज बरोबर माणसावर आहे."

विजयसिंह गाडीजवळ उभे होते. त्यांनी मान फिरवून उसाकडे बघितलं.

मल्हार मागे सरला. मग म्हणाला, "केस मी मागं घेनार न्हाय, मॅडम."

"घेऊ नकोस. आधी हिला दवाखान्यात न्यायचंय. आमच्या गाडीत बसवते, तू येतोस का?"

तो आला. पुढे विजयसिंहांशेजारी बसला. वाटेत एकदा मागे वळून रोहिणीला विचारलं, "कवापास्नं दुकतंय डोकं?" ती म्हणाली, "आखाडापास्नं."

९ नोव्हेंबर, रविवार

रोहिणीचं बीपी आज १४८/९४ वर आलं. लघवीत प्रथिनं जात आहेत. मूत्रपिंडाला थोडी इजा झालेली आहे, पण वेळेत सापडली असं तिथले डॉक्टर म्हणतात. कायम गोळ्या घ्याव्या लागतील. तिची पात टोळीतल्या बाया उरकतात, असं हौसाबाईने कळवलं. मल्हार डबा घेऊन येतो, कॉटशी बसतो, माझ्याकडे बघत नाही. तिने बोलायला सुरुवात केली की मान खाली घालून ऐकतो. भागूबाईला वॉकर लागणार आहे. त्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही, आणि त्यावर कुठल्याही समितीचा कागद पुरा पडणार नाही.

संध्याकाळी अविराज घरी आला. रागावला होता, पण चहा घेतला. तक्रारदारासमोर स्वतःच्या तोंडाने जबाबदारी कबूल करणारं अशील त्याने अजून पाहिलं नव्हतं म्हणे. तरीही मार्ग आहे, म्हणाला. अठराला समितीपुढे द्यायचं निवेदन आजच तयार करू, अगदी थोडक्यात. मी सांगितलं आणि त्याने लॅपटॉपवर उतरवून घेतलं. त्याने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं.

'भागूबाई यांना मी कधीही तपासलेले नाही. रोहिणी यांना मी तीन वेळा तपासले आणि एकदाही औषध दिले नाही.'

"पहिलं वाक्य उत्तम," अविराज म्हणाला. "त्याने तुम्ही सुटता. दुसरं आपण काढून टाकू. त्याबद्दल कुणाची तक्रारच नाही."

मी म्हटलं, "एकच ठेवायचं असेल तर दुसरं ठेव."